मधल्या स्टेशनात राहिलेली आई

आल्प्समधली ती जुनी वाफेची गाडी माथ्यावर पोचली, सगळे उतरले आणि आई उतरली नाही.

गाडीत प्रत्येक कप्प्याला वेगळा दरवाजा, आतून वाट नाही. आम्हा मायलेकींना जागाही वेगवेगळ्या कप्प्यांत मिळालेल्या. आईशेजारच्या गोऱ्या म्हातारीने खाली डोंगराकडे बोट दाखवलं, मग नळाखाली भांडं धरल्यासारखा हात केला. कळलं. इंजिन मधल्या स्टेशनात पाणी भरायला थांबलं, तिथे आई उतरली होती.

ती उतरणारच. रोह्याची लाइन एकेरी होती तेव्हा पॅसेंजर नागोठण्याला क्रॉसिंगला उभी राहिली की आमच्या गडब गावच्या सगळ्या बाया खाली उतरून पाय मोकळे करायच्या. समोरची गाडी जायची, सिग्नल पडायचा, गार्ड शिट्टी मारायचा, मग सावकाश चढायचं. कुणाची गाडी चुकल्याचं मला आठवत नाही.

आई इन्शुलिनवर. वेळेवर पोटात काही गेलं नाही तर साखर उतरून तिला भान राहत नाही. आणि तिची बिस्किटं, साखरेची डबी, स्वेटर, मोबाइल, पासपोर्ट, सगळं नीट लावून माझ्या बॅगेत.

"मधल्या स्टेशनात कोणी फोन उचलत नाहीये, ताई," टूरवाला मुलगा म्हणाला.

"मग गाडी सोडायला सांग."

"वेळ झाल्याशिवाय नाही सोडणार."

मी गार्डपुढे हात जोडले. त्याने भिंतीवरचं घड्याळ दाखवलं.

उतरताना तरी गाडी पळेल असं वाटलं होतं. चढताना जेवढी, तेवढीच. दोन रुळांच्या मधोमध दात्यांचा तिसरा रूळ, आणि इंजिनाचं चाक त्यातला एकेक दाता धरत, सोडत खाली येत होतं. मी उभी राहिले. बसवेना. बाहेर धुकं दाटलेलं, दरीच्या बाजूला कठडा नाही.

फलाट रिकामा होता. हाका मारल्या. गाडीने शिट्टी दिली, तरी मी चढले नाही. पाण्याच्या टाकीमागे गेले तर आई भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली. एवढ्या थंडीत कपाळावर घाम. माझ्याकडे बघत होती, पण ओळख नव्हती.

"आई, मी आलेय."

"कोण तू?"

साखर बोटावर घेऊन तिच्या हिरडीवर चोळली. गार्ड धावत आला, तिची पाठ धरून गुडघ्यांवर बसला. गाडी उभीच. पुन्हा चोळली. पुन्हा.

बऱ्याच वेळाने तिने जीभ फिरवली, तोंड वाकडं केलं.

"साखर काय चारतेस गो? मला नाय चालत."

मी पुन्हा डबीत बोट घातलं.