आडवं पडण्याची सोय

आमच्या कॉलेजात स्त्री-अभ्यासाचा पेपर सुरू झाला, तेव्हा तो कोणी शिकवायचा यावर फारशी चर्चा झाली नाही. विभागात मी एकटीच बाई होते. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुमच्या तर घरचाच विषय आहे." भूगोलाच्या सरांच्या घरी जसा काही ज्वालामुखीच होता.

तर मी शिकवू लागले. लिंग निसर्ग देतो आणि लिंगभाव समाज अंगावर चढवतो. घराच्या आतलं बाईचं आणि बाहेरचं पुरुषाचं, ही वाटणी कोणी केली? बाई दिवसभर घरात राबते त्याला काम का म्हणत नाहीत? या संकल्पना झाल्या की इतिहास. बायका शाळेच्या पायऱ्या चढल्या, मतदानाच्या रांगेत उभ्या राहिल्या, सारख्या मजुरीसाठी मोर्चात चालल्या. सगळा इतिहास चढण्याचा, उभं राहण्याचा आणि चालण्याचा. त्यात घटकाभर पाठ टेकलेली बाई काही मला सापडली नाही. हे माझ्या लक्षात आणून दिलं ते माझ्या वर्गाने, कारण मी शिकवत असताना अर्धा वर्ग पेंगत असे.

मुली पवनार, सेलू, हिंगणी अशा गावांहून पहिल्या एसटीने यायच्या. त्यातली हिंगणीची एक मुलगी फार हुशार. तासाच्या सुरुवातीला असा प्रश्न विचारायची की मला घरी जाऊन पुस्तक उघडावं लागे. आणि अर्ध्या तासाने तिची हनुवटी छातीला लागलेली असे. एकदा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "माझा तास इतका कंटाळवाणा असतो का गं?"

"नाई मॅडम, तास चांगलाच राह्यते," ती म्हणाली. "पण झोप त्याच्यापेक्षा चांगली राह्यते."

मग तिने सांगितलं. पहाटे अंधारात उठायचं, शेण काढायचं, पाणी भरायचं, घरादाराचा सायपाक करायचा आणि धावत फाटा गाठायचा. कॉलेजात येण्यासाठी वडिलांनी दोन अटी घातल्या होत्या. घरचं सगळं आटपून जायचं, ही पहिली. दुसरी अशी, की तब्येतीले झेपलं नाई, बिमार पडली, तर त्याच दिवसापासून कॉलेज बंद. त्यामुळे ती कधी आजारी पडत नसे. तापसुद्धा तिने उभ्यानेच काढला होता.

त्या दिवसापासून मी जिथे तिथे कोण आडवं पडलंय ते बघू लागले. आवारातल्या कडुनिंबाखाली मुलं बूट उशाशी घेऊन पसरलेली असत. बाजारात दुकानदार गादीवर घोरत. आमच्या ऑफिसातले बाबू जेवणानंतर फायलींवर डोकं ठेवून ज्ञानसाधना करत. कोणी त्यांना काही विचारत नसे. आणि मी रविवारी दुपारी पुस्तक घेऊन जरा कलंडले की नवरा दारातून डोकावायचा, "बरं नाही का?" शेजारीण विचारायची, "काय हो, बरं नाही का?" गॅसची टाकी घेऊन आलेला माणूसही एकदा हेच विचारून गेला. पुरुष आडवा झाला तर आराम, बाई आडवी झाली तर आजार. ही व्याख्या कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही, पण पाठ मात्र सगळ्यांना आहे.

आमच्या कॉलेजात मुलींची खोली होती, नाही असं नाही. नकाशात होती, दारावर पाटीही होती. पाटीखाली कुलूप होतं आणि कुलपाआड मोडके बाक आणि स्नेहसंमेलनाच्या मांडवाचे बांबू राहत होते. मुलींना तासांच्या मधल्या वेळेत पाठ टेकायला ती खोली द्या, असं मी प्राचार्यांना किती वेळा म्हटलं. ते म्हणायचे, "बघू." आमच्याकडे बघू म्हणजे नाही, फक्त नमस्कार करून.

मग तपासणी समिती येणार असल्याचं कळलं आणि दोन दिवसांत बांबू बाहेर निघाले. पडदे लागले, आरसा आला, कॅरम आला, नवीकोरी सतरंजी आली. भिंतीवर माझ्याच नोट्समधल्या संकल्पना सोनेरी अक्षरांत झळकल्या. पितृसत्तेच्या भोवती तर वेलबुट्टी काढली होती. मुली आत आल्या. त्यांनी कॅरम भिंतीला उभा केला, सतरंजी पसरली आणि आडव्या झाल्या. मी पंख्याचं बटण शोधेपर्यंत हिंगणीवालीला झोप लागलीसुद्धा.

प्राचार्यांनी ते दृश्य पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "मॅडम, हे काय? सक्षम झालेल्या मुली अशा दिसतात का?" तपासणीच्या दिवशी त्यांनी मुलींना साड्या नेसायला लावून कॅरमभोवती ताठ बसवलं. समितीने डोकावून "वा, वा" म्हटलं आणि ती पुरणपोळीकडे वळली. वाढायला त्याच सक्षम मुली होत्या.

सोमवारी दाराला पुन्हा कुलूप. मी तणतणत प्राचार्यांकडे गेले. ते अगदी निरागसपणे म्हणाले, "पण मॅडम, समिती तर गेली ना!"

मुलींनी मोर्चा काढला नाही की निवेदन दिलं नाही. दुपारी तासांच्या मधल्या मोकळ्या वेळेत त्यांनी शिपायाकडून सतरंजी मागून आणली, कडुनिंबाखाली अंथरली आणि उन्हाची तिरीप नको म्हणून तोंडावर ओढण्या घेऊन ओळीने झोपल्या. तिथली नेहमीची मुलं दचकून उठली आणि बूट हातात घेऊन लांब जाऊन उभी राहिली.

प्राचार्यांनी खिडकीतून पाहिलं. झाडाखाली मुली आडव्या, तोंडं झाकलेली, हालचाल नाही. बोंबलतच बाहेर आले, "विषबाधा! कँटीनचे समोसे! समोसे कोणी खाल्ले?" कोणीतरी सावंगीच्या दवाखान्यातून अॅम्ब्युलन्स बोलावली. कोणीतरी हिंगणीला फोन केला की तुमची पोट्टी बेशुद्ध पडली. एवढ्या गोंधळातही मुली उठल्या नाहीत, यावरून त्यांना किती झोप हवी होती ते कळावं.

अॅम्ब्युलन्समधून एक तरुण डॉक्टरीण उतरली. तिने हिंगणीवालीची नाडी धरली, पापणी उचलली, तशी ती धडपडून उठून बसली.

"काय होतंय तुला?"

"झोप येऊन राह्यली."

डॉक्टरीण प्राचार्यांना म्हणाली, "सर, या झोपल्या आहेत."

"सगळ्या?" प्राचार्य म्हणाले. "दिवसा?"

पण आमचे प्राचार्य हुशार. अॅम्ब्युलन्स फाटकाबाहेर पडते न पडते तोच त्यांनी तोडगा काढला. मुलींच्या खोलीचं कुलूप उघडलं आणि दारावर नवा कागद चिकटवला, "आजारी मुलींसाठी". म्हणाले, "आता नियमात बसतं." बाकीच्या मुलींचं डोकं लगेच दुखू लागलं आणि त्या आत गेल्या. हिंगणीवाली झाडाखालीच बसून राहिली.

"जा ना तूही," मी म्हटलं.

"कशी जाऊ मॅडम? त्यात गेली म्हणजे मी बिमार. अन् बिमार झाली म्हणजे कॉलेज बंद."

एवढ्यात तिचे वडील पोचले. शेतातून तसेच निघालेले, पायांना चिखल, चेहरा उतरलेला. मुलीला बसलेली पाहून त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मला भरून आलं. मग त्यांचा जीव भांड्यात पडला आणि लगोलग रागही चढला.

"चाल घरी. म्हटलं होतं ना म्या? झेपलं नाई तर बंद."

"अहो, ती आजारी नाही. नुसती झोपली होती," मी म्हटलं.

ते हात जोडून म्हणाले, "मॅडम, चांगल्या पोरीसाठी कोणी अॅम्ब्युलन्स बोलावते काय?"

प्राचार्यांनी वरून री ओढली, "बरोबर आहे. घरी न्या, तिथे आराम होईल." घरी आणि आराम! मला हसावं की ओरडावं कळेना. मुलगी मान खाली घालून पुस्तकं पिशवीत भरू लागली. हे तिचं पदवीचं शेवटचं वर्ष होतं.

गाडीला तासभर अवकाश होता. वडील सतरंजीवर टेकले, पाणी प्यायले, झाडाला पाठ लावली आणि हळूहळू घसरत आडवे झाले. पाहता पाहता घोरू लागले. मुलगी शेजारी मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसली होती. मुलं बाजूने जात होती, शिपाई जात होता. कोणी थांबलं नाही. प्राचार्य मात्र थांबले. त्यांनी मुलांना ओठावर बोट ठेवून दटावलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हळू बोला रे. थकले असतील बिचारे."

मी तोंड उघडणारच होते. वर्षभराचं सगळं शिकवणं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण त्याआधी मुलीने वडिलांच्या खांद्याला हात लावला.

"बाबा, बिमार आहा काय तुमी?"

ते गडबडून उठले. "काऊन? मले काय झालं? जरासा डोया लागला."

"मलेबी तेच झालतं."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग समोरच्या खोलीच्या दारावरच्या त्या "आजारी मुलींसाठी" कागदाकडे बघितलं, मग पुन्हा तिच्याकडे. उठून चपला घातल्या, फाटकापर्यंत गेले आणि तिथून वळून म्हणाले, "सायंकाळच्या गाडीनं येजो."

"हो," ती म्हणाली. शेवटच्या तासाला अजून वेळ होता. ते बघत असतानाच ती त्या सतरंजीवर पुन्हा आडवी झाली.