पाकिटावरची बाई

बिस्किटांच्या कारखान्यात खोकी भरायचं काम दिसायला सोपं, पण दुपारपर्यंत खांदे भरून येतात. पट्ट्यावरून पाकिटं येत राहतात. दोन्ही हातांनी उचलायची आणि खोक्यात पालथी रचायची. पालथी अशासाठी, की मागचा चिकटवलेला जोड वर राहतो आणि कुठे उघडा असला तर लगेच दिसतो. जोड उघडा राहिला की बिस्किटं सादळतात. भाऊच्या हातून असं पाकीट सुटत नसे. सगळा कारखाना त्याला भाऊ म्हणायचा. खरा भाऊ तो एकीचाच, थोरल्या ताईचा.

नदी गावात शिरली तेव्हा ताई शेजारच्या म्हातारीला आणायला मागे फिरली. त्यानंतर ती कुणाला दिसली नाही, आणि पाणी ओसरल्यावर सापडलीही नाही.

थोड्याच दिवसांत कंपनीने नवं पाकीट काढलं. त्याच्या विक्रीतला वाटा पूरग्रस्तांना जाणार होता. पाकिटावर फोटो होता: कमरेइतक्या पाण्यात उभी एक बाई, पाठमोरी, डोक्यावर बोचकं, डावा खांदा जरासा उतरलेला. ताईचा खांदा तसाच होता.

भाऊने पहिलं पाकीट उचललं आणि त्याचा हात अडला. हिला पालथी घालायची? तोंड पाण्यात? त्याने पाकीट उताणं ठेवलं. मग दुसरंही. दिवसभर ती त्याच्यासमोरून जात राहिली, एकामागून एक, पाठ फिरवून. एखाद्या पाकिटावर ती वळून बघेल असं त्याला वाटे, म्हणून तो प्रत्येकीकडे नीट बघे. जोडांकडे बघायला कुणी उरलं नाही.

खोकी दुकानांतून परत आली. सुपरवायझर बाईंनी एक खोकं त्याच्यापुढे आदळलं.

“भाऊ, डोळे घरी ठेवून येता का? सगळी उताणी! काल लागलेला माणूसही असं करत नाही.”

“बाई, हा फोटो कधीचा?”

“मी काय विचारतेय, तुम्ही काय बोलताय!”

“नदी गावात शिरली त्या दिवसाचा की नंतरचा, तेवढं सांगा. नंतरचा असेल तर माझी बहीण जिवंत आहे.”

 बाई स्वतः ऑफिसात जाऊन विचारून आल्या.

“फोटो विकत घेतलेला आहे म्हणे. कुठला, कधीचा, कुणालाच ठाऊक नाही. भाऊ, उद्याची सुट्टी घ्या. पण परत असं झालं तर मी तुम्हाला पट्ट्यावर ठेवू शकणार नाही.”

सुट्टीच्या दिवशी भाऊ एक पाकीट घेऊन दाजींकडे गेला. पुरात घर गेल्यापासून दाजी पत्र्याच्या खोलीत राहत होते.

“ये रे, बस. ही गादी तुमच्याच कंपनीने पूरग्रस्तांना वाटलेली बरं का. बिस्किटांवर झोपतोय मी.” दाजी हसले, पण हसू लगेच विझलं. “काय आणलंस?”

“हिच्याकडे बघा. ताई आहे का ते सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मी शोधणं सोडतो.”

दाजी पाकीट घेऊन दारात, उजेडात गेले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी ते हळूच तिरकं केलं, कडेने चेहरा दिसेल अशा बेताने.

“नाही रे. ही नाही.”

“खांदा बघा ना.”

“इतकी वर्षं संसार केला तिच्याबरोबर. मला तिचा खांदा तू दाखवणार? नाही म्हणजे नाही. आता कामात लक्ष घाल. हयगय तिला खपायची नाही.”

भाऊ भिंतीला टेकून पोटभर रडला. दाजींनी त्याला रडू दिलं, स्टोव्ह पेटवून चहा ठेवला. कप पुढे आल्यावर भाऊने डोळे पुसले.

“फोडा ते पाकीट. चहाबरोबर खाऊ.”

दाजींनी पाकीट उचललं. त्यांचा अंगठा जोडावर गेला आणि तिथेच राहिला. मग ते उठले आणि त्यांनी पाकीट फळीवर उभं करून ठेवलं, फोटो खोलीकडे करून.

“राहू दे,” ते म्हणाले. “मला भूक नाही.”

 दाजी येऊन त्याच्या शेजारी बसले. नुसता चहा पीत दोघंही फळीकडे बघत राहिले.