अंगणात न मावलेली तार

बारामतीच्या दवाखान्यातून दिरांचा फोन आला, तेव्हा मी अंगणात कपडे वाळत घालत होते. "वहिनी, दादा गेला…" एवढंच बोलले. सकाळी तर हे चहा पिऊन स्वतःच्या पायांनी गाडीत बसले होते. हातात ह्यांचाच सदरा होता. तो मी दोरीवर नीट पसरला.

साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ह्यांनी परीक्षा देऊन हौशी रेडिओचं लायसन काढलं. घरबसल्या लांबच्या माणसांशी बोलायचं, तेही फोनशिवाय. संच आला, पण अँटेना कुठली लावायची यावरून महिनाभर घरात दुसरा विषय नाही. कळस गावातलं आमचं अंगण दोन बाजा टाकल्या की भरतं. उंच खांब उभारावा, तर त्याच्या बुडाशी चौफेर तारा पसराव्या लागतात. मी म्हटलं, "मग आमी चालायचं कुठनं?" आडवी तार ताणावी, तर ती वीसेक मीटर हवी, म्हणजे थेट शेजारच्या रशीदभाईंच्या स्वयंपाकघरात. "कपड्यांची दोरी काढली तर?" ह्यांनी एकदा भीत भीत विचारलं आणि माझ्याकडं बघून स्वतःच म्हणाले, "न्हाय, ऱ्हाऊ दे."

शेवटी मधोमध पाइप उभा केला, त्याच्या टोकावरून तारेचे दोन हात छपरासारखे दोन्हीकडं उतरवले. एक शेवग्याला बांधला, दुसरा काही अंगणात मावेना. रशीदभाईच म्हणाले, "माझ्या भितीला मारा की खिळा. तार काय खातीय व्हय?" त्या तारेवर पहिल्यांदा भेटले ते केरळातले एक म्हातारे मास्तर. दोघांचं हिंदी सारखंच मोडकं, म्हणून तर जमलं. मग रोज सकाळी गप्पा.

परवा रशीदभाई आले. त्यांना भिंत वाढवायचीय. "वहिनी, तार सोडू का? आता कोण हाय बोलायला…"

मी म्हटलं, "चार दिस थांबा."

भाकरी झाल्या की मी संच लावते. नुसती ऐकते, बोलायला लायसन लागतं, ते माझ्याकडं नाही. मास्तर ह्यांना नावानं हाक मारतात, थांबतात, पुन्हा मारतात. ह्यांच्या पुण्यातल्या रेडिओवाल्या मित्रांना सांगितलं, तर ते मास्तरांना कळवतील. कळवायला हवं, माणसाला असं ताटकळत ठेवू नये. पण घरात आता कुणी ह्यांचं नाव घेत नाही, मला रडू येईल म्हणून. मास्तर तेवढे घेतात. त्यांच्या लेखी हे अजून आहेत, आणि असा तो एकच माणूस उरलाय.

आजही वाट पाहून मास्तर म्हणाले, "कोई बात नहीं भाई, कल फिर बुलाएगा."

मी इकडं नुसतंच "बरं" म्हटलं.