सासूबाईंनी न घेतलेला किल्ला

माझ्या सासूबाईंनी जितके किल्ले घेतले तितके जगातल्या कुठल्याही सेनापतीने घेतले नसतील. त्या सगळ्या मोहिमांत रक्त सांडलं ते एकदाच, आणि तेही माझ्या गुडघ्याचं, गाडीतून उतरताना. वय सत्तरीच्या पुढे, उंची पाच फुटांच्या आत, आणि चढ दिसला की पदर कमरेला खोचला जायलाच हवा. आयुष्यभर पुण्यातल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला आणि सुट्टीत तो तुडवला. त्यांच्या मते माणसांच्या जाती दोनच, गड चढणारे आणि पायथ्याशी पिशव्या सांभाळणारे. मी दुसऱ्या जातीतला, आणि त्यातही खानदानी. लहानपणी आमच्या गच्चीतून सिंहगड दिसायचा. घरबसल्या दिसतोय तर तिथवर जायचं कशाला, असा माझा साधा हिशोब होता. पुढे मित्रांबरोबर गेलो तेव्हा गाडीने गेलो, भजी खाल्ली, मडक्यातलं दही खाल्लं आणि गाडीने खाली आलो. मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीच्यांनी पगार विचारला, नोकरी विचारली, आणि सासूबाईंनी विचारलं, "राजगड कुठल्या वाटेने चढलात?" मी म्हटलं, "अजून चढलो नाही, पण फोटो पाहिलेत." त्यांनी माझ्या हातातली पोह्यांची बशी काढून घेतली नाही, एवढंच. सासरे देवमाणूस. ते हसून म्हणाले, "असू दे गं, पायथ्याला कुणीतरी लागतंच." त्या एका वाक्यावर माझं लग्न झालं.

सासूबाईंना कुठलीही जागा नुसती बघता येत नाही. ती कुठून घ्यायची हे त्या आधी ठरवतात. ऑकलंडला आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा हेन्डरसनचं आमचं नवं घर मी मोठ्या हौसेने दाखवत होतो. हे किचन, हे डेक, ही मागची लॉन. त्यांनी घराला एक फेरी मारली, मागच्या सरकत्या काचेच्या दारापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "घर छान आहे, जावईबापू. पण दुपारच्या चहाच्या आत पडेल." मॉलमध्ये नेलं तर त्यांना सामान चढवायच्या मागच्या दाराचीच काळजी. कौन्सिलच्या ऑफिसात आम्ही कुंपणाच्या परवानगीसाठी गेलो होतो, तिथे काउंटरवरच्या बाईंना त्यांनी अत्यंत प्रेमाने "किया ओरा" असा इथला नमस्कार केला आणि मला मराठीत सांगितलं की दाराशी देवडी नसलेली कचेरी त्यांनी आजवर पाहिलेली नाही. आणि कुठेही गेलं तरी पहिला प्रश्न, पाणी कुठलं? बाटलीतलं नव्हे, वेढा पडला तर पुरेल असं. या देशात किल्ले नाहीत म्हणून कंटाळतील, असं मला वाटलं होतं. एका रविवारी त्यांना शहरातल्या एका जुन्या ज्वालामुखीच्या टेकडीवर नेलं. म्हणजे गाडीने नेलं. मी गवतावर आडवा झालो आणि त्या उताराच्या पायऱ्यापायऱ्यांकडे बघत उभ्या राहिल्या. "हे पावसाने झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "ही टेकडी कुणीतरी राखलेली आहे. हा बघा खंदक." मी सात वर्षं त्या टेकडीवर पिकनिकला जात होतो, ती माओरी लोकांची गढी होती हे मला त्या दिवशी सासूबाईंनी सांगितलं, आणि मग दोघांनी मिळून फलक वाचला. त्यांनी वाकून उंबऱ्याला करावा तसा जमिनीला हात लावून कपाळाला लावला. मी आडव्याचा उठून बसलो.

सासरे गेल्यावर त्या पुण्यात एकट्या राहू लागल्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि महिन्यातून एकदा नातवंडांच्या वयाच्या पोरांबरोबर ट्रेकला जाणं. माझी बायको मीनल इथे रात्रंदिवस जिवाला घोर लावून घ्यायची. "आई, तू आता इथेच ये ना कायमची," हे तिचं दर फोनचं पालुपद. कागदपत्रं तिने केव्हाच करून ठेवली होती. शेवटी मायलेकींचा तह झाला. "ज्या दिवशी गड अर्ध्यात सोडावा लागेल," सासूबाई म्हणाल्या, "त्या दिवशी मी मुकाट्याने येईन. तोवर हा विषय काढायचा नाही." मला तर त्या यायलाच हव्या होत्या. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. सासूबाई इथे असल्या की मी ऑफिसातून आल्यावर घरात कुणीतरी "जेवलात का नीट दुपारी?" असं विचारतं, आणि चाळिशी उलटलेल्या माणसाला ते किती बरं वाटतं हे मी कुणाला सांगत नाही. तेव्हा मनातून मीही मीनलच्या बाजूने होतो. म्हणजे सासूबाईंच्या विरुद्ध, गडांच्या बाजूने.

इटलीचा योग असा आला की मीनलला कंपनीच्या कामासाठी आठवडाभर मिलानला जायचं होतं. तिने आम्हा दोघांना बरोबर घेतलं. सासूबाई पुण्याहून आल्या. मीनल दिवसभर मीटिंगमध्ये, तेव्हा सासू आणि जावई यांनी भाड्याच्या गाडीने पार्माच्या डोंगरांतले मध्ययुगीन किल्ले बघून यावेत, असं ठरलं. निघताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "लक्ष ठेव. चढली का नाही ते रोज सांग." अशा रीतीने मी तहाचा साक्षीदार झालो. माझी पहिली फजिती किल्ल्यापर्यंत पोचायच्या आधीच झाली. न्यूझीलंडमध्ये मी जपानी ऑटोमॅटिक गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो. इथे गिअरची इवलीशी गाडी उजव्या बाजूने. वळायचं म्हणून मी दांडी ओढली की सिग्नलऐवजी वायपर चालू. प्रत्येक वळणाला, लख्ख उन्हात. "पाऊस नाहीये, जावईबापू," सासूबाई शांतपणे म्हणत. चढावर गाडी बंद पडली आणि मागे हॉर्नचा गजर सुरू झाला, तेव्हा त्यांनी काच खाली करून मागच्या ट्रकवाल्याला हात जोडून नमस्कार केला. तोही खाली उतरला, त्याने नमस्कार केला आणि माझी गाडी स्वतः वळणापार नेऊन दिली. मी मागच्या सीटवर बसलो होतो.

पहिला किल्ला द्राक्षांच्या मळ्यातल्या टेकाडावर होता. दारातच सासूबाई उंबऱ्याला हात लावायला खाली वाकल्या, आणि तिकीट फाडणाऱ्या बाईंना वाटलं म्हातारी कोसळली. त्या खुर्ची आणि पाणी घेऊन धावल्या. मी इंग्रजीत समजावू लागलो की ही आमची पद्धत आहे. त्यांना इंग्रजी येईना, म्हणून प्रात्यक्षिक दाखवायला मीही वाकलो आणि मला उठताच येईना. खुर्ची शेवटी मलाच लागली. आतल्या दालनांच्या भिंतींवर सुरेख चित्रं होती. सासूबाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, "बरी काढली आहेत" म्हणाल्या आणि विहीर शोधायला गेल्या. दुसऱ्या किल्ल्यात त्यांना चोरदरवाजा सापडला. म्हणजे त्यांचा तसा ठाम विश्वास बसला. आम्ही त्यातून वाकून बाहेर पडलो ते थेट एका शेतकऱ्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यात. शेतकरी ओरडत आला. सासूबाईंनी पिशवीतून कांदा काढला, दगडावर ठेवून बुक्कीने फोडला, मिठाच्या चिमटीसकट अर्धा त्याच्या हातावर ठेवला आणि समोरच्या ओंडक्यावर जेवायला बसल्या. गडावर गेल्यावर जेवायचंच असतं, आणि जेवताना जो भेटेल त्याला द्यायचं असतं, हा त्यांचा नेम. शेतकऱ्याने चीज आणलं. निरोप घेताना तो मला काहीतरी कौतुकाने म्हणाला; सासूबाईंच्या मते त्याने माझ्या पोटाचं कौतुक केलं. दोन्ही किल्ल्यांचे बुरूज त्यांनी पार वरपर्यंत घेतले. मी खाली पिशव्या सांभाळल्या आणि संध्याकाळी मीनलला फोनवर सांगितलं, "चढल्या. दोन्ही." मीनल नुसतं "बरं" म्हणाली. मीही जरा हिरमुसलो होतो.

तिसरा किल्ला खरा गड होता. तांबड्या खडकाच्या सुळक्यावर, खडकातूनच उगवल्यासारखा, आणि वर जायला फरसबंदी चढण. तो लांबून दिसला तेव्हा सासूबाई सीटवर ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "हा आपला." मी वायपर लावून वळलो. आता पहिल्या वळणापर्यंत तरी बरोबर जावं म्हणून मीही निघालो. पहिलं वळण झालं. दुसऱ्यावर त्या थांबल्या. "जरा पदर सावरते," असं म्हणून कठड्याच्या दगडावर बसल्या. पदर सावरलेलाच होता. मी पाणी दिलं. त्यांच्या ओठांचा रंग गेला होता आणि श्वास पुरत नव्हता. मी शेजारी बसलो. मग म्हणालो, "आई, परत जाऊ या. वारा आहे." त्यांनी मान हलवली. "मला थोड्या वेळाने बरं वाटेल. पण वर आता जमणार नाही. तुम्ही जाऊन या."

"मी?"

"मग कोण? आल्यासारखा गड बघायला नको?"

त्यांचा श्वास पुन्हा सावकाश चालू लागेपर्यंत मी हललो नाही. मग त्यांनी डोळे वटारले, तेव्हा गेलो. जन्मात पहिल्यांदा मी एक किल्ला चढलो, आणि त्यात शौर्याचं काही नव्हतं. काठी टेकत येणाऱ्या एका आजोबांनी मला मागे टाकलं. मग एक बाई बाबागाडी ढकलत पुढे गेली. बाबागाडीतल्या बाळाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. वर पोचलो तेव्हा कानात धडधड, डोळ्यांपुढे काजवे. ते ओसरल्यावर कठड्यावरून खाली बघितलं. खाली वळणावर निळ्या साडीचा ठिपका तसाच बसला होता. मला वाटलं होतं त्या वर बघत असतील. त्या दरीकडे बघत होत्या. तह झाल्यापासून चार वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते झालं होतं, आणि मला ते अजिबात नको होतं. खाली आल्यावर त्यांनी काहीच विचारलं नाही. "चला, चहाची वेळ झाली," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी गावातल्या खाणावळीत जेवायला बसलो होतो, तेव्हा मीनलचा फोन आला. तिने पहिल्यांदा तेच विचारलं. समोर सासूबाई पाव मोडत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. "चढल्या की," मी म्हणालो. "मीच बसलो अर्ध्या वाटेत. दम लागला." मीनल खळखळून हसली. "ते काय सांगायला हवं?" ती म्हणाली. तिला जराही शंका आली नाही. इतक्या वर्षांच्या आळसाने मी जी पत कमावली होती ती पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामी येत होती, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. तेवढ्यात सासूबाईंनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

"मीनल, जावई खोटं बोलतायत. आज ते चढले. मी बसले. अगं, ऐकतेस ना? तह तो तह. इथून पुण्याला जाईन, घराचं आवरेन आणि येईन. माझ्या खोलीला पडदा मात्र जाड लाव, तुमच्याकडे पहाटेच ऊन येतं." मग मीनलच्या रडण्याचा आवाज आला. जे हवं म्हणून ती एवढी वर्षं भांडली ते मिळाल्यावर ती रडत होती, आणि तिची आई तिला "रडू नको, मी ठणठणीत आहे" अशी समजूत घालत होती. फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला खोटं बोलता येत नाही, जावईबापू. कान लाल होतात." थोडा वेळ पावाचे तुकडे ताटलीत फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "सांगा आता. वर काय काय होतं?" मी सांगू लागलो. पहारेकऱ्यांची गच्ची, चौकातली विहीर, लांबवर पसरलेलं नदीचं पात्र. आठवत नव्हतं तिथे मी दोन तोफा आणि एक भुयार आपल्या पदरचं घातलं. त्यांना ते कळलं असणारच, पण त्या हनुवटीला हात लावून ऐकत राहिल्या.

पुण्याचं सगळं आवरून त्या हेन्डरसनला आल्या त्याला आता वर्ष होईल. या देशात बाहेरून येणाऱ्यांच्या बुटांना लागलेली माती विमानतळावर तपासतात. तोवरच्या प्रत्येक खेपेला त्यांचे बूट टेबलावर निघत, तिथला माणूस तळवे ब्रशने घासून काढी, आणि त्या त्याला कुठली माती कुठल्या गडाची ते समजावत उभ्या राहत. आम्ही बाहेर ताटकळायचो. म्हणून त्या खेपेला मी कॉफी घेऊन निवांत खांबाला टेकलो होतो, तर सासूबाई त्या विमानातल्या सगळ्यांच्या आधी बाहेर आल्या.

"आई, इतक्या लवकर सोडलं?" मी विचारलं.

"बूट आणलेच नाहीत," त्या म्हणाल्या. "ट्रेकच्या पोरींपैकी एकीला मापाचे आले."

मीनलने त्यांना मिठी मारली. मी ट्रॉली हातात घेतली आणि पार्किंगपर्यंत दोघींच्या पुढे चालत राहिलो, कारण मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसायला नको होतं.