पाणी कोणी घाण केलं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. म्हणजे — गोष्ट पुष्कळदा सांगितली आहे, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, हसत हसत. पण ती खोटी होती. खरी आज सांगते.

आमच्या इंदूरला संस्थानाच्या काळात बांधलेला एक तरणपुष्कर, म्हणजे पोहण्याचा तलाव, आहे. तिथेच मला बाबांनी पोहायला शिकवलं. आमचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, त्यामुळे तो हौद जणू आमच्या मालकीचा, अशी काहीतरी समजूत माझ्या डोक्यात लहानपणापासून होती. आजही रोज सकाळी मी तिथे लॅप्स मारते. सकाळी पाणी स्वच्छ असतं, माणसं आपल्यातली असतात.

आपल्यातली — बघा, शब्द कसा निघून गेला.

रविवारी फॅमिली बॅच असते. त्या दिवशी बेटमा, गौतमपुरा अशा आसपासच्या गावांकडूनही माणसं येतात. बायका अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात, पोरं पोहे-जलेबी खाऊन थेट पाण्यात. पाण्यावर केस, जखमेच्या पट्ट्या, कोणाची तरी थुंकी. मला शिसारी यायची. तरी मी जायची, कारण आठवड्याचे लॅप्स चुकवायचे नसायचे, आणि बाबांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं.

बाबांचं डोकं तेव्हा साथ सोडायला लागलं होतं. डोकंच कशाला, पोटही. घरी एक-दोनदा कपड्यात झालं होतं. मला माहीत होतं. माहीत असून मी त्यांना त्या पाण्यात उतरवलं. हे आधी सांगायला हवं होतं का? मी नेहमी हेच गाळत आले.

त्या रविवारी बाबा उथळ बाजूला कठड्याला धरून उभे होते. शेजारी एक लहान मुलगी होती, फ्रॉक घातलेली. तिची आई पायरीवर पदर खोचून बसलेली. बाबा त्या मुलीला पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढायला शिकवत होते. दोघं हसत होते. मी लॅप संपवून त्यांच्याकडे गेले आणि वास आला. मग दिसलं. बाबांच्या चड्डीतून पिवळं, पातळ काहीतरी पाण्यात पसरत होतं. माझ्या हाताला लागलं.

मी मागे उडी मारली. बाबांपासून.

कोणीतरी ओरडलं. शिट्टी वाजली. गार्ड काठावर येऊन म्हणाला, "सब बाहर निकलो. किसने किया ये?"

माझं बोट आपोआप उठलं, असं लिहिणार होते. नाही. बोट मी उचललं. "भैया, इस बच्ची ने."

गार्डने विचारसुद्धा केला नाही. मी रोजची मेंबर, मॅडमजी. ती मुलगी म्हणाली, "मैंने नी किया." तिची आई उठली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हारी छोरी ने नी कर्यो, मैडमजी." गार्डकडे नाही, माझ्याकडे. मी शिकलेली, वयाने मोठी, मी खरं तेच बोलेन असं तिला वाटलं असेल. काठावर लोक नाक दाबून हसत होते. गार्ड म्हणाला, "गाँव से उठ के आ जाते हैं." त्या बाईने एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि पोरीच्या थोबाडीत मारली.

तेव्हा बाबा बोलले. "नीलू, अगं ती नाही, ते माझं —"

मी पाण्याखाली त्यांचं मनगट पकडलं, नखं रुतेपर्यंत. "गप्प बसा," मी म्हणाले. जन्मात बाबांशी अशी बोलले नव्हते.

त्यांना टॉवेल गुंडाळून आत नेलं, धुतलं. धुताना तोंड दुसरीकडे वळवून ठेवलं होतं. ज्या माणसाने माझ्या पोटाखाली हात धरून मला तरंगायला शिकवलं, त्याच्या अंगाची मला किळस येत होती. बाहेर फाटकाशी त्या दोघी ओल्या कपड्यांनी टेम्पोची वाट बघत होत्या. बाबा म्हणाले, "गाडी थांबव." मी थांबवली नाही.

बाबांची लाज झाकायला मी हे केलं, असं तुम्हाला वाटेल. मलाही काही दिवस तसं वाटायचं. पण बाबा तर सांगायला तयार होते. लाज माझी होती. आणि नुसती लाज असली तर माणूस गप्प बसतो ना? मी त्याचा किस्सा केला. गावाकडची माणसं, पूलमध्ये पोरगी घेऊन आली आणि काय केलं माहितेय का — लोक "छी" म्हणायचे आणि हसायचे. मी तर त्या बाईच्या बोलीची नक्कलही करून दाखवायची.

एका दिवाळीत राजेंद्र नगरच्या आमच्या हॉलमध्ये पाहुण्यांपुढे तो किस्सा चालला होता. बाबा कोपऱ्यात बसले होते. त्यांना किती कळतं, हे तोवर आम्ही विचारणंच सोडलं होतं. ते खुर्चीच्या हाताला धरून उभे राहिले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "ते मी केलं होतं. त्या मुलीने नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी हसले. कपाळाशी बोट फिरवलं आणि हळूच म्हणाले, "बाबांचं हल्ली असंच. काहीही बोलतात."

पाहुण्यांनी माना हलवल्या. एक काकू म्हणाल्या, "तू किती करतेस गं त्यांचं." कोणीतरी बाबांच्या हातात चकली दिली. बाबा माझ्याकडे बघत राहिले. विसरलेल्या माणसाची नजर मला ओळखू येत होती. ती तशी नव्हती.

त्यानंतर ते फार बोलले नाहीत. गेल्या हिवाळ्यात गेले. भेटायला आलेल्यांत त्या काकूही होत्या. म्हणाल्या, "शेवटी शेवटी काहीही बोलायचे ना गं?"

मी म्हणाले, "हो."