मागची चाकं

आमचे हे ब्रेकचे मिस्त्री, म्हणजे ड्रम ब्रेकचे. डिस्कचं नाव काढलं की यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात, कारण शेजारच्याच गाळ्यात यांचा धाकटा भाऊ डिस्कची कामं करतो. भावजींच्या गाळ्याला काचेचं दार आहे, गिऱ्हाइकांना बसायला सोफा आहे. आमच्याकडे एक बाकडं, तेही एका बाजूला कललेलं. दुपारी माझी जाऊ त्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसते तेव्हा माझ्याही पोटात दुखतं, खोटं कशाला बोलू?

यांना विचारा, डिस्क म्हणजे काय. म्हणतील, उघडी थाळी, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायची, त्यात कसली अक्कल! ड्रम म्हणजे झाकलेलं काम. आतले दोन शूज, म्हणजे अर्धगोल पट्ट्या, फाकतात आणि चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून भिडतात. धूळ नाही, चिखल नाही, वर हँडब्रेक ओढून चढावर गाडी उभी करा, तसूभर हलणार नाही. हे सगळं खरं आहे. पण डिस्कला वारा लागतो म्हणून ती लवकर गार होते, आणि झाकलेला ड्रम लांबच्या उतारावर तापला की त्याची पकड कमी होते, हेही तितकंच खरं. ते मला भावजींच्या गिऱ्हाइकांकडून कळलं. यांच्या तोंडून कधी निघालं नाही.

मग लेकीने जुनी गाडी घेतली. पुढे डिस्क, मागे ड्रम, पुष्कळ गाड्यांना असतात तशी. नोकरी टेकडीपलीकडे, येताना मोठा उतार, म्हणून तिने आधी ब्रेक करून घ्यायचं ठरवलं आणि गाडी सरळ काकाच्या दारात नेऊन लावली. पुढचे काका करेल, मागचे बाबा करतील, असं म्हणाली. त्यात वावगं काही नव्हतं. पण काकाचं नाव आधी घेतलं, हे यांनी जेवताना मला इतक्यांदा ऐकवलं की भाजी गार झाली.

ड्रमची एक रीत आहे. चाक हाताने फिरवत आतले शूज ड्रमवर आवळत जायचं, चाक अडकलं की मागे सैल सोडायचं, आणि घासल्याचा अगदी हलका आवाज उरला की थांबायचं. डोळे मिटून हे काम करणारा माणूस, पण त्या दिवशी सैल सोडायला यांचा हात धजेना. लेकीने पाय दाबला की आधी आपले ड्रम धरले पाहिजेत, भावाची डिस्क नंतर, एवढंच डोक्यात. मी डबा घेऊन गेले होते. चाक अर्ध्यातच थांबलेलं पाहून मी म्हटलं, जड जातंय का? तर म्हणे नवे शूज आहेत, फिरून फिरून बसतील.

दुसऱ्याच दिवशी उतारावर मागच्या चाकांतून धूर निघाला. पोरीने पाय दाबून धरला आणि गाडी कशीबशी थांबली, ती पुढच्या डिस्कवर. तिने फोन केला तोही काकालाच. चाकं गार झाल्यावर भावजींनी गाडी हळूहळू आणली, जॅकवर चढवली आणि मागचं चाक फिरवून पाहिलं. हँडब्रेक खाली होता, तरी ते हाताने जेमतेम सरकलं. त्यांनी एकदा यांच्याकडे पाहिलं. मग लेकीला म्हणाले, हँडब्रेक थोडा वर राहिला असेल गं, नवीन माणसाचं होतं असं.

"बाबा, मी तुझे ब्रेक जाळले," ती रडवेली होऊन म्हणाली.

मला वाटलं, सुटलो. पण यांचा चेहरा पाहिला आणि ओळखलं. सोफा आला त्या दिवशी अस्साच झाला होता. धाकट्याने आता मोठेपणातही मागे टाकावं, हे यांना सोसवेना. लोक म्हणोत प्रामाणिकपणा, मी यांना ओळखून आहे.

"तू काही विसरली नव्हतीस," हे म्हणाले. "शूज मीच आवळून ठेवले होते. काकाच्या आधी माझे ब्रेक लागावेत म्हणून."

जाऊबाईंनी सोफ्यावरचे पाय खाली घेतले. लेकीने गाडीतून किल्ली काढून मुठीत धरली. किल्ली काकाकडे जाणार, असंच मला वाटलं. यांनाही वाटलं असावं, कारण मान खाली गेली होती.

"माझ्यासमोर कर," ती म्हणाली, किल्ली यांच्या हातात दिली आणि येऊन आमच्या कललेल्या बाकड्यावर बसली.

यांनी जळके शूज काढले, नवे घातले, आवळले, सैल केले. चाक फिरवलं, ऐकलं, पुन्हा फिरवलं. एवढ्या वर्षांचा कान, पण आता त्याचाच भरवसा वाटेना. शेवटी भावाकडे न बघताच म्हणाले, "धाकट्या, जरा ऐक. बरोबर आहे का?"

भावजी शेजारी उकिडवे बसले आणि त्यांनी चाकाला कान लावला. "अजून किंचित सैल, दादा."

यांनी दातओठ खाल्ले, आणि सैल केलं.