मास्तरचे पाच रोडगे

एका माणसाने एका बैठकीत दोनपेक्षा जास्त रोडगे खाऊ नयेत. मी पाच खाल्ले आहेत, आणि तेही तत्त्वासाठी.

ज्यांनी रोडगा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जाडसर दळलेली कणीक, ओवा, मीठ आणि सढळ हाताने तेल. घट्ट मळायचं, पदरावर पदर देऊन संत्र्याएवढा गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा. मग राख झटकून मुठीने फोडायचा, वर तुपाची धार, सोबत तुरीचं वरण आणि वांग्याची भाजी. (हे लिहिताना मी दोनदा पाणी पिऊन आलो.)

छप्पनच्या दसऱ्याला आमच्या वस्तीने नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. देव गेले, देव्हारे गेले, मरीमायचे नवस गेले. कोणालाही चुकल्यासारखं वाटलं नाही. (मरीमायलाही वाटलं नसावं, तिने कधी तक्रार केली नाही.) पण आमच्याकडे रोडगे व्हायचे ते फक्त नवसाला! त्यामुळे नवसाबरोबर रोडगेही गेले. ही गोष्ट दीक्षेच्या आनंदात कोणाच्या ध्यानातच आली नव्हती.

बाबा वस्तीच्या पंचकमिटीचे अध्यक्ष. ज्याच्या घरी नैवेद्य निघेल त्याने कमिटीचं पद सोडावं, हा ठराव त्यांनीच मांडलेला. आणि रोडग्यांवर सगळ्यात जास्त जीवही त्यांचाच! दोन वर्षं त्यांनी रोडग्याचं नाव काढलं नाही. पण ताटात वांग्याची भाजी आली की ते भाकरीकडे अशा नजरेने बघत, की माय उठून उगाच चूल फुंकायला लागायची.

मी तेव्हा गावातल्या शाळेत नुकताच मास्तर झालो होतो आणि हाती लागेल ते पुस्तक वाचत होतो. अशा माणसापासून घराला कायमच धोका असतो.

"माय, रोडग्यात देव नसते. गहू असते," मी एक दिवस जाहीर केलं.

"मले सांगून राह्यला का? मीच तं दळते!"

"मंग रविवारी करू ना वावरात. नवस नाही, नैवेद्य नाही. नुसते खायासाठी!"

"आन् तुह्ये बाबा?"

"ते रविवारी दारव्ह्याले जाऊन राह्यले. दुपारी आले की गरम रोडगा फोडून हातात देऊ. मंग कोण बोलते?"

मायच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याच रात्री तिने गहू निवडायला घेतले!

रविवारी आमच्या अडीच एकरात काय ती धांदल! मायने गोवऱ्या रचल्या, मी कणीक मळली. माय वळायची ते रोडगे गोल गरगरीत. माझे वर्गात शिकवतो त्या पृथ्वीसारखे, दोन्ही ध्रुवांजवळ चपटे.

"असू दे रे बाबू, पोटात गेल्यावर सारे सारखेच," माय म्हणाली.

निखारे फुलले, रोडगे आत गेले आणि थोड्या वेळाने तो वास सुटला. भाजलेल्या गव्हाचा, ओव्याचा, धुराचा! मला वाटतं, बांधावरचे बैलसुद्धा रवंथ थांबवून आमच्याकडे बघत होते. मायने पहिले पाच बाहेर काढले, फडक्यात घोळून राख झटकली, पळसाच्या पानावर मांडले आणि पान निंबाखाली नेऊन ठेवलं. मीही उत्साहाने मागोमाग गेलो आणि पाचांवर तुपाची धार सोडून आलो.

आणि बांधावर नजर गेली तर संपतकाका! कमिटीचे चिटणीस. भर उन्हात काळा कोट, काखेत नोंदवही आणि मागे दोन पंच. धुराचा माग काढत निघालेले!

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पहिले पाच रोडगे, पळसाचं पान, झाडाचं बूड, वर तूप. हाच तर मरीमायचा नैवेद्य!

"माय! हे पाच काहून काढले?"

मायने पानाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे.

"अगाई गं! हातानं काढले रे! म्या नाही काढले!"

चाळीस वर्षांची सवय. हाताने कोणाला न विचारता बजावली होती. (तुपाची धार मात्र माझ्याच हाताने सोडली होती.) परत निखाऱ्यात टाकावेत तर तुपाचा भडका उडणार. टोपलीत लपवावेत तर कोरड्या रोडग्यांत तुपाळ पाच उठून दिसणार. काका शंभर पावलांवर आले होते. डोकं चालवायला वेळ नव्हता, म्हणून मी तोंड चालवलं.

पहिला रोडगा म्हणजे स्वर्ग! दुसरा त्याहून गोड. तिसरा मी वस्तीच्या इभ्रतीसाठी खाल्ला. चौथा बाबांच्या अध्यक्षपदासाठी. पाचवा मी खाल्ला की त्याने मला, ते अजून ठरायचं आहे.

"काय मास्तर, कोणाचा नवस फेडून राह्यले?"

"म्म्," मी म्हणालो.

"लिवा. खुलासा देत नाही." काकांनी स्वतःलाच हुकूम दिला आणि लिहिलं. मग त्यांची नजर पानावर गेली. पान रिकामं होतं, पण त्यावर तुपाचे पाच गोल ठसे चकाकत होते!

"पाच! वहिनी, पाचच काहून?"

तेवढ्यात बाबा हजर! दारव्ह्याहून येताना वाटेत बैलगाडी मिळाली, म्हणून वेळेआधीच.

"अध्यक्ष, ठराव तुमचा, वावर तुमचं, पान तुमचं. आता तुमीच सांगा," काका म्हणाले.

मायचा चेहरा राखेसारखा झाला. बाबांनी पान पाहिलं.

"याच्यावरचे रोडगे कुठी हायेत?"

मायने माझ्याकडे बोट दाखवलं. बाबांनी माझ्या पोटावर टिचकी मारली. आवाज ओल्या पोत्यासारखा आला.

"संपत, तू जलमभर मरीमायले नैवेद्य दाखवला. तिनं एक तरी रोडगा खाल्ला का?"

"नाही बा."

"सारे जागेवर राह्यत होते?"

"सारे."

"इथं किती राह्यले?"

काकांनी पानाखालीसुद्धा पाहिलं. "एकही नाही."

"मंग हा नैवेद्य कसा झाला? लिव तसं!"

काकांनी लिहिलं, वही मिटली आणि टोपलीकडे पाहून घसा खाकरला. "तरी पण अध्यक्ष, बाकीचे तपासा लागतीन."

तिघांनी मिळून आठ तपासले.

बाबांनी आपला रोडगा मुठीने फोडला. वाफ तोंडावर घेत त्यांनी तो मायपुढे धरला. मायने तूप वाढलं.

"अजून टाक," ते म्हणाले. दोन वर्षांचा हिशेब त्यांनी तेवढ्या दोन शब्दांत मिटवला. मग निंबाखाली उताणा पडलेल्या माझ्याकडे वळून विचारलं, "मास्तर, तुमी नाही घेत?"

तेव्हापासून आमच्या वस्तीत रोडगे कधीही होतात. कोणाचं लग्न जुळलं म्हणून, कोणी पास झालं म्हणून, कधी काहीच झालं नाही म्हणून. फक्त घर कोणाचंही असो, पहिले पाच पळसाच्या पानावर निघतात, वर तुपाची धार पडते आणि हाक येते, "मास्तरले बोलवा!" मग सगळी वस्ती भोवती कोंडाळं करून बघत बसते. माय सगळ्यांत पुढे.

रोडग्यातला देव काढायला मी निघालो होतो. तो निघाला, पण जागा रिकामी राहिली नाही. फरक एवढाच, की मरीमायचं नुसतं बघून भागत होतं. मला खावे लागतात!